विधेयक संमत होण्याआधी: महाराष्ट्र विधिमंडळापुढील विधेयक शोधण्याची, वाचण्याची आणि त्यावर म्हणणे मांडण्याची रीत

महाराष्ट्रात एखादे विधेयक सभागृहात मांडले गेल्यापासून दोन्ही सभागृहांत संमत होईपर्यंत पुष्कळदा आठवडाही जात नाही. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा समाजाच्या आरक्षणाचे विधेयक एकाच दिवसात दोन्ही सभागृहांनी संमत केले, आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच विषयावरच्या नव्या विधेयकासाठी बोलावलेले विशेष अधिवेशनच एका दिवसाचे होते. ही उदाहरणे टोकाची आहेत हे मान्य केले, तरी वर्तमानपत्रात बातमी वाचून मग विधेयक शोधायला निघालेला नागरिक बहुधा उशिराच पोहोचतो. म्हणून ग्रामपंचायत सदस्य, गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी, शिक्षक, शेतकरी गट किंवा आपल्या व्यवसायावर परिणाम करणारा कायदा वेळीच समजून घेऊ इच्छिणारा कोणीही असो, त्याच्यासाठी हे काम कसे करावे ते येथे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: अधिवेशनाआधी विषय ओळखणे

विधिमंडळाची वर्षाला साधारणतः तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी ही दोन मुंबईत भरतात, तर डिसेंबरातील हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून नागपुरात भरते. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा अधिक अंतर पडता कामा नये, असे संविधानाचा अनुच्छेद १७४ सांगतो. अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्र्यांचे चहापान आणि त्यानंतरची पत्रकार परिषद हा रिवाज आहे. विरोधकांनी चहापानावर बहिष्कार टाकल्याची बातमी मोठ्या मथळ्याने छापून येते. पण या अधिवेशनात किती आणि कोणती विधेयके मांडायची आहेत, हा आपल्या कामाचा भाग त्याच बातमीच्या खालच्या परिच्छेदांत असतो. ती यादी कात्रण काढून ठेवावी.

मात्र चहापानाच्याही आधी विधेयकाचा मजकूर हाती येण्याचा एक मार्ग आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. विधिमंडळ चालू नसताना तातडीची गरज असेल, तर अनुच्छेद २१३ नुसार राज्यपाल अध्यादेश काढतात. हा अध्यादेश पुढचे अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी आपोआप संपतो, त्यामुळे शासनाला त्या जागी विधेयक आणावेच लागते. असे विधेयक बहुतेक वेळा अध्यादेशाचीच नक्कल असते. म्हणजे सप्टेंबरात निघालेला अध्यादेश राजपत्रातून काढून नीट वाचला, तर डिसेंबरात नागपुरात काय मांडले जाणार हे तीन महिने आधी कळते. विधेयकाच्या अभ्यासाला याहून मोठी सवड महाराष्ट्रात क्वचितच मिळते.

अध्यादेश आणि विधेयक यांतला फरक सरपंचाच्या थेट निवडणुकीच्या प्रकरणात ठळकपणे दिसला. २०१७ मध्ये सरपंच थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत आली. ती रद्द करण्याचा अध्यादेश २०२० मध्ये मंत्रिमंडळाने राज्यपालांकडे पाठवला, तेव्हा अधिवेशन तोंडावर असल्याने विधेयकच आणावे, अशी भूमिका राज्यपालांनी घेतली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तसे विधेयक संमत झाले. २०२२ मध्ये पुन्हा दुरुस्ती होऊन थेट निवडणूक परत आली. पाच वर्षांत तीनदा बदललेले हे कलम ज्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे, तो अधिनियम १९५९ चा आहे. गावच्या कार्यालयात असलेली त्याची प्रत कोणत्या वर्षाची आहे, हे एकदा उघडून पाहावे.

दुसरी पायरी: योग्य कागद मिळवणे

विधेयके महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि शासनाच्या असाधारण राजपत्रात मिळतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या दोन पानांच्या सारांशावर विसंबू नये. प्रत उतरवून घेताना तीन गोष्टी वहीत टिपाव्यात. पहिली म्हणजे विधेयकाचा क्रमांक, जो ‘सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक ३३’ अशा रूपात पहिल्या पानावर असतो. दुसरी म्हणजे पूर्ण नाव आणि वर्ष, कारण एकाच अधिवेशनात एकाच अधिनियमाची दोन-दोन सुधारणा विधेयके येतात आणि त्यांच्या नावांत ‘दुसरी सुधारणा’ एवढाच काय तो फरक असतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे आपल्या हातातले रूप कोणत्या टप्प्यावरचे आहे. मांडलेले विधेयक, समितीने सुधारलेले विधेयक, विधानसभेने संमत केलेले आणि दोन्ही सभागृहांनी संमत केलेले, ही चार वेगळी रूपे असू शकतात. जुन्या रूपावर आक्षेप घेतला, तर आपला बाकीचा मुद्दा खरा असूनही तो बाजूला ठेवला जातो.

विधेयक सुधारणेचे असेल, आणि बहुतेक विधेयके सुधारणेचीच असतात, तर मूळ अधिनियमाची अद्ययावत प्रत शेजारी असल्याशिवाय वाचायला बसू नये. विधेयकाच्या समासात ‘सन १९६६ चा महा. ४१’ अशी छोटी नोंद असते. हा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा क्रमांक आहे. नगरपरिषदांचा अधिनियम ‘सन १९६५ चा महा. ४०’ आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम ‘सन १९६६ चा महा. ३७’ असा ओळखावा. या समासातल्या नोंदीवरून मूळ कायदा शोधणे नावावरून शोधण्यापेक्षा सोपे जाते.

तिसरी पायरी: शेवटाकडून वाचायला सुरुवात करणे

कायद्याची भाषा अवघड आहे ही तक्रार खरी आहे. ‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन ‘त्याअर्थी, आता, भारतीय गणराज्याच्या अमुक वर्षी’ पर्यंत पोहोचणारे वाक्य पाहून पुष्कळ जण तिथेच कागद खाली ठेवतात. माझा अनुभव असा आहे, की विधेयक शेवटच्या पानांपासून वाचले तर ते निम्मे सोपे होते, कारण खंड संपल्यानंतर जोडलेली निवेदने साध्या गद्यात असतात आणि शासनाला नेमके काय करायचे आहे ते तिथेच सांगितलेले असते.

त्यांतले पहिले ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’. यात सध्याची तरतूद काय आहे, तिच्यात शासनाला कोणती अडचण वाटते आणि ती कशी दूर करायची आहे, असा क्रम असतो. प्रत्येक खंड वाचताना एकच प्रश्न विचारत राहावा: निवेदनात सांगितलेल्या अडचणीशी या खंडाचा संबंध आहे का? ज्या खंडाचा निवेदनात उल्लेखच नाही, तो दोनदा वाचावा. निवेदन हा काही कायद्याचा भाग नव्हे, पण तो शासनाने स्वतःच्या सहीने दिलेला खुलासा आहे आणि आमदारांशी बोलताना त्यातले वाक्य उद्धृत करता येते.

दुसरे ‘वित्तीय ज्ञापन’. राज्याच्या एकत्रित निधीतून आवर्ती किंवा अनावर्ती खर्च होणार आहे का, हे त्यात लिहिलेले असते. नवे प्राधिकरण, नवे न्यायाधिकरण किंवा नवी तपासणी यंत्रणा उभी करणाऱ्या विधेयकात खर्च नाही असे म्हटले असेल, तर ती यंत्रणा कोणाच्या मनुष्यबळावर चालणार, हा प्रश्न रास्त ठरतो. बहुधा उत्तर असे निघते, की तेच तलाठी, तेच ग्रामसेवक आणि तेच निरीक्षक ते काम आपल्या सध्याच्या कामात भर घालून करणार आहेत.

तिसरे ज्ञापन शासनाकडे सोपवलेल्या नियम करण्याच्या अधिकारांविषयी असते. विधेयकातील कोणत्या खंडान्वये शासनाला नियम, आदेश किंवा अधिसूचना काढण्याचा अधिकार मिळतो याची ती यादी असते, आणि हे अधिकार ‘सामान्य स्वरूपाचे’ आहेत असे तिच्या शेवटी नेहमी म्हटलेले असते. वाचणाऱ्याने मात्र प्रत्येक अधिकार स्वतः तपासावा. अर्जाचा नमुना ठरवण्याचा अधिकार सामान्य आहे. कायदा कोणाला लागू होईल आणि कोणाला त्यातून सूट मिळेल हे अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार सामान्य नाही, कारण तो मिळाल्यावर कायद्याचा गाभा विधिमंडळाबाहेर ठरतो.

यानंतर खंडांकडे वळावे. येथे एक शब्दभेद लक्षात ठेवला तर गोंधळ टळतो: विधेयकात ‘खंड’ असतात आणि विधेयक कायदा झाले की त्यांनाच ‘कलम’ म्हणतात. सुधारणा विधेयकाच्या खंडाची भाषा कशी असते ते एका कल्पित नमुन्यावरून पाहू:

‘मुख्य अधिनियमाच्या कलम १२ च्या, पोट-कलम (२) मधील, “तीस दिवसांच्या आत” या मजकुराऐवजी, “पंधरा दिवसांच्या आत” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’

एवढे वाचून काहीच कळत नाही, कारण तीस दिवस कशासाठी होते हे या वाक्यात नाही. आता मूळ अधिनियमाचे कलम १२ काढावे आणि पेन्सिलीने जुने शब्द खोडून वर नवे शब्द लिहावेत. मग पूर्ण पोट-कलम मोठ्याने वाचावे. समजा, तिथे बाधित व्यक्तीने आदेशाविरुद्ध तीस दिवसांच्या आत अपील करावे असे लिहिले असेल, तर आपल्याला दिसते की एका ओळीच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या खंडाने अपिलाची मुदत निम्मी केली. पंधरा दिवसांत आदेशाची प्रमाणित प्रत मिळते का, हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो आणि तोच आपला मुद्दा होतो. अनेक सुधारणा विधेयकांना मूळ कलमांचे उतारे जोडपत्र म्हणून लावलेले असतात. ते असतील तर हे काम त्या पानांवरच करता येते. शब्द ‘वगळण्यात येईल’ असे म्हणणारे खंड अधिक काळजीने तपासावेत, कारण काय वगळले ते विधेयकात एका शब्दापुरतेच दिसते आणि त्याचा परिणाम मूळ कलमातच कळतो.

काही ठरावीक शब्दांपाशी थांबण्याची सवय लावून घ्यावी. ‘विहित’ म्हणजे नियमांनी ठरवलेले. विधेयकात ‘विहित करण्यात येईल अशा कालावधीत’, ‘विहित शुल्क’, ‘विहित रीतीने’ असे जिथे जिथे आले असेल तिथे खूण करावी, कारण त्या प्रत्येक ठिकाणी आज उत्तर दिलेले नाही. ‘परंतु’ने सुरू होणारे परंतुक आधीच्या नियमाला अपवाद घालते, आणि पुष्कळदा खरा नियम त्या अपवादातच असतो. ‘त्या त्या वेळी अंमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्यामध्ये काहीही अंतर्भूत असले तरी’ अशी सुरुवात असेल, तर हे कलम इतर कायद्यांवर मात करणार आहे असे समजावे. सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण देणारा खंड बहुतेक विधेयकांत असतो. तो अधिकाऱ्यापुरता आहे की शासनाने नेमलेल्या खाजगी संस्थेलाही लागू होतो, हे पाहावे. आणि पहिल्याच खंडात अंमलाचा दिनांक असतो. ‘तात्काळ अंमलात येईल’, ‘अमुक दिनांकापासून अंमलात आल्याचे मानण्यात येईल’ आणि ‘राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नेमून देईल अशा दिनांकास अंमलात येईल’ ही तीन वाक्ये तीन निराळे परिणाम घडवतात. त्यांतले मधले मागे जाऊन लागू होते, म्हणजे ज्यांनी जुन्या कायद्यानुसार आधीच व्यवहार केला त्यांचे काय, हे त्या विधेयकात सांगितलेले असलेच पाहिजे.

अनुसूचीकडे, म्हणजे विधेयकाच्या शेवटी जोडलेल्या यादीकडे, दुर्लक्ष करू नये. महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याचे सारे बळ त्याच्या अनुसूचीत आहे. ‘नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा’ असे मोठे शब्द त्याच्या नावात आहेत, पण गुन्हा कोणता हे अनुसूचीतील नेमक्या कृत्यांच्या वर्णनावरूनच ठरते. त्या मसुद्याने कित्येक वर्षे वाद झेलला. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने संमत केलेले रूप विधानपरिषदेत अडकले, मजकूर पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेण्यात आला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला. त्या अध्यादेशाच्या जागी आलेले विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर अधिवेशनात संमत झाले. या साऱ्या काळात विरोधकांचा मुख्य आक्षेप असा होता, की वारी, पूजा, कीर्तन यांनाही हा कायदा लागू होईल. या आक्षेपाला भाषणांतून कितीही उत्तरे दिली गेली, तरी खरे उत्तर मसुद्यातच द्यावे लागले, आणि म्हणून अंतिम कायद्यात तो कशाला लागू होणार नाही हेही लिहिलेले आढळते.

शेवटी इंग्रजी पाठही पाहून घ्यावा. विधेयक मराठीत असले, तरी अनुच्छेद ३४८ च्या खंड (३) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हाच प्राधिकृत पाठ मानला जातो. मराठी वाचकाला हे खटकते, मलाही खटकते. परंतु न्यायालयात वाद उभा राहिला की ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक तिथे तपासला जातो, म्हणून आक्षेप लिहिण्यापूर्वी दोन्ही पाठ जुळवून घेणे शहाणपणाचे.

चौथी पायरी: सभागृहातील टप्प्यांवर नजर ठेवणे

रोजच्या कामकाजाचा क्रम विधिमंडळ सचिवालय प्रसिद्ध करते. त्यात ‘शासकीय विधेयके’ या शीर्षकाखाली दोन प्रकारच्या नोंदी असतात. ‘पुरःस्थापनार्थ’ म्हणजे विधेयक आज फक्त मांडले जाणार आहे. ‘विचार, खंडशः विचार व संमत करणे’ म्हणजे आज त्यावर, एकेका खंडावरही, चर्चा होऊन ते संमतही होणार आहे. ही दुसरी नोंद दिसली की आपल्याकडे काही तासच उरलेले असतात. आमदाराने सुधारणा सुचवायची तर तिची लेखी सूचना चर्चेपूर्वी द्यावी लागते, त्यामुळे आपला मजकूर त्यांच्या हाती पहिल्या नोंदीच्याच दिवशी पडला पाहिजे.

विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य आहेत. विधेयक दोन्हीकडे संमत व्हावे लागते, पण दोघांचे बळ सारखे नाही. विधानसभेने संमत केलेले साधे विधेयक परिषदेने फेटाळले, तीन महिने तसेच ठेवले किंवा विधानसभेला मान्य नसलेल्या सुधारणांसह परत पाठवले, तर विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. दुसऱ्या खेपेला परिषदेला एकच महिना मिळतो आणि त्यानंतर विधेयक संमत झाल्याचे मानले जाते. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही. धन विधेयक, म्हणजे केवळ कर व शासकीय खर्च यांसारख्या बाबींचे विधेयक, तर विधानसभेतच मांडावे लागते आणि परिषदेला त्यावर केवळ १४ दिवस असतात. गोव्यातील वाचकांसाठी हा सारा भाग लागू नाही, कारण तिथे ४० सदस्यांचे एकच सभागृह आहे आणि तिथे चुकलेली संधी दुसऱ्या सभागृहात मिळत नाही.

महाराष्ट्रात ती मिळू शकते. लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात संमत केले आणि विधानपरिषदेची संमती त्याला डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. मधल्या वर्षभरात परिषदेच्या सदस्यांपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होती. परिषदेत पदवीधरांचे ७ आणि शिक्षकांचे ७ प्रतिनिधी आहेत, शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडून आलेले २२. आपण पदवीधर मतदार असाल, तर विधानसभेतील आमदारांबरोबर परिषदेतील हे प्रतिनिधीही आपलेच आहेत, आणि मतदारांची पत्रे त्यांच्याकडे तुलनेने कमी जातात.

अधिवेशन संपल्याने प्रलंबित विधेयक रद्द होत नाही. विधानसभा विसर्जित झाली की मात्र तिच्यापुढे असलेले, किंवा तिने संमत करून परिषदेत पडून असलेले विधेयक व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. निवडणुकीच्या वर्षात ही तरतूद ध्यानात ठेवावी.

पाचवी पायरी: म्हणणे लिहून देणे

प्रस्तावित कायद्याचा मसुदा ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण केंद्राने २०१४ मध्ये आपल्या मंत्रालयांसाठी स्वीकारले. राज्याच्या विधेयकांवर ते बंधनकारक नाही. त्यामुळे येथे जनतेचे म्हणणे औपचारिकपणे ऐकले जाण्याची सर्वांत भक्कम जागा म्हणजे दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती, आणि विधेयक समितीकडे पाठवा ही मागणी अनेकदा ‘विधेयक रद्द करा’ या मागणीपेक्षा अधिक फळ देते.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलणे हा येथे हेतू नाही. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ते प्रथम मांडले गेले, संमत झाले नाही, आणि त्या वर्षअखेरच्या विधानसभा निवडणुकीमुळे व्यपगत झाले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात ते नव्याने मांडून चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे सोपवण्यात आले. समितीने १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना मागवल्या आणि बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये समितीचा अहवाल आला आणि १० व ११ जुलै रोजी अनुक्रमे विधानसभा व विधानपरिषदेने विधेयक संमत केले. समितीने मजकुरात जे बदल केले त्यांतले तीन महत्त्वाचे होते. विधेयकाचा हेतू सांगणाऱ्या दीर्घ शीर्षकात कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटनांचा उल्लेख आला, संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा निर्णय तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली, आणि तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. विधेयकाला सरसकट विरोध करणाऱ्यांचे समाधान त्याने झाले नाही. पण शब्द कुठे बदलतात ते यातून कळते: कोणाला लागू, कोण तपासणार आणि निर्णयावर कोण देखरेख ठेवणार. सूचना लिहिताना या तीन ठिकाणांपासून सुरुवात करावी.

सूचना कशी लिहू नये हे मी स्वतः शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने एका सुधारणा विधेयकावर चार पानांचे निवेदन तयार केले होते. त्यात अन्यायाचे वर्णन होते, इतिहास होता, शेवटी तीव्र आंदोलनाचा इशाराही होता. ते घेऊन गेलो तेव्हा एका आमदारांच्या स्वीय सहायकाने पाने चाळली आणि शांतपणे विचारले, ‘खंड कोणता?’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. चार पानांत एकाही खंडाचा क्रमांक नव्हता. त्यांनी तिथेच एक कोरा कागद पुढे केला आणि आम्ही त्यावर अकरा ओळी लिहिल्या. त्या अकरा ओळी आमदारांनी वाचल्या.

तेव्हापासून मी एकच ठेवण वापरतो. प्रत्येक मुद्द्यासाठी प्रथम खंडाचा क्रमांक, मग विधेयकातील मूळ शब्द अवतरणचिन्हांत, मग आपण सुचवत असलेले शब्द, आणि शेवटी दोन-तीन वाक्यांत कारण. उदाहरणार्थ:

‘खंड ४, पोट-खंड (१): “विहित करण्यात येईल अशा कालावधीत” या मजकुराऐवजी “अर्ज मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत” हा मजकूर असावा. कारण, मुदत अधिनियमातच नसेल तर नियम होईपर्यंत अर्ज निकाली काढण्याचे बंधन कोणावरही राहत नाही, आणि अर्जदाराला अपील केव्हा करता येईल हेही ठरत नाही.’

असे तीन मुद्दे एका पानात बसतात आणि ते पुरेसे असतात. पर्यायी शब्द देणे याचा अर्थ विधेयकाला पाठिंबा देणे असा होत नाही. ‘मूळ विधेयकालाच आमचा विरोध आहे, तथापि ते विचारात घेतले गेल्यास’ असे वाक्य वर लिहून मुद्दे मांडता येतात. पत्रावर विधेयकाचा क्रमांक, आपले नाव, गाव आणि संबंध लिहावा. संबंध म्हणजे आपण यात कोण आहोत: खातेदार, सभासद, पालक, कामगार. समितीची मुदत असेल तर टपाल वेळेत पोहोचेल असे पाहावे आणि पोच जपून ठेवावी. त्याच कागदाची प्रत आपल्या आमदारांना, परिषदेतील प्रतिनिधीला आणि ज्या खात्याचे विधेयक आहे त्या मंत्र्यांच्या कार्यालयाला द्यावी. विरोधी बाजूच्या सदस्यांना देताना संकोच करू नये, कारण खंडशः विचाराच्या वेळी सुधारणा मांडणारे बहुधा तेच असतात.

नागपुरात अधिवेशनकाळात यशवंत स्टेडियमहून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ अडवले जातात आणि तिथून शिष्टमंडळ मंत्र्यांकडे नेले जाते. शिष्टमंडळाला मिळणारी वेळ थोडी असते. तिथेही वर सांगितलेले एक पानच उपयोगी पडते.

सहावी पायरी: संमतीनंतरचा पाठपुरावा

दोन्ही सभागृहांनी संमत केले म्हणजे कायदा झाला, असा समज सर्रास आढळतो. अनुच्छेद २०० नुसार विधेयक राज्यपालांकडे जाते. ते संमती देऊ शकतात, धन विधेयक नसेल तर संदेशासह परत पाठवू शकतात, किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. यासाठी संविधानात दिवसांची मुदत नाही. २० नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींनी सल्ल्यासाठी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले, की न्यायालय राज्यपालांना वेळापत्रक आखून देऊ शकत नाही, मात्र दीर्घ आणि अकारण निष्क्रियतेची मर्यादित तपासणी होऊ शकते.

प्रत्यक्षात किती अंतर पडू शकते पाहा. मराठा आरक्षणाच्या २०१८ च्या विधेयकाला दुसऱ्याच दिवशी राज्यपालांची संमती मिळाली. महाराष्ट्र प्राणी रक्षण (सुधारणा) विधेयक १९९५ चे. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली फेब्रुवारी २०१५ मध्ये. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठीचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीतून जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि कायदा म्हणून कधीच लागू झाले नाही. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, असेल आणि केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद असेल, तर राष्ट्रपतींकडे जाण्याची ही शक्यता आधीच धरावी.

संमतीनंतर अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध होतो, आणि अंमलाचा दिनांक अधिसूचनेवर सोडलेला असेल तर ती अधिसूचना निघेपर्यंत तो लागू होत नाही. त्यानंतर येतात नियम. ‘विहित’ या शब्दापुढे आपण केलेल्या साऱ्या खुणा आता कामाला येतात. पुष्कळ अधिनियमांत नियम ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ करावेत असे असते, म्हणजे शासनाला नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. विधेयकाच्या वेळी जी सवड मिळाली नाही ती येथे मिळते, आणि तरीही या मसुद्यांवर येणाऱ्या हरकती मोजक्याच असतात. नियम झाल्यावर ते प्रत्येक सभागृहापुढे एकूण तीस दिवस ठेवण्याची तरतूद असते. त्या काळात सभागृहे त्यांत फेरबदल करू शकतात किंवा ते रद्द करू शकतात, म्हणून आमदारांना दुसरे पत्र लिहायची हीच वेळ.

नियमांचा मसुदा निघाला की नाही हे कळत नसेल, तर संबंधित खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. त्यात अधिनियमाचे नाव व क्रमांक लिहून, नियम करण्याचा अधिकार देणाऱ्या कलमाखाली आजवर प्रसिद्ध झालेल्या मसुद्यांच्या आणि अंतिम अधिसूचनांच्या प्रती मागाव्यात, आणि काहीच प्रसिद्ध झाले नसेल तर तसे लेखी कळवावे, एवढेच म्हणावे.